बाजारातून आणलेली हळद

केंब्रिजला मी एका छोट्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर होते. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरची हळद मुळात कुठून आली, हे तिच्या डीएनएवरून शोधायचं काम होतं. तिथल्या उसाच्या गोऱ्या मळेवाल्यांनीच ती मागवली, असं आमच्या प्रोफेसरांचं आधीपासूनच पक्कं मत होतं.

नमुने शोधता शोधता लंडनच्या इल्फर्ड भागात एका आंटींची ओळख झाली. मूळच्या त्रिनिदादच्या, रिटायर्ड नर्स, सत्तरी ओलांडलेल्या. हळदीला त्या ‘हरदी’ म्हणत. त्यांच्या पणजीला बिहारमधून उसाच्या मळ्यावर राबायला बोटीनं नेलं, तेव्हा तिनं पदराला हळदीचं बेणं बांधून नेलं होतं. त्याच बेण्याची दोन रोपं आंटी घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरजवळ बादलीत वाढवत होत्या. त्यातलं एक उपटून त्यांनी गड्डा माझ्या हातात ठेवला आणि पणजीचं नाव कुठेतरी छापून येऊ दे, एवढंच मागितलं. मी हो म्हणाले.

नमुना बिहारच्या हळदीशी जुळला. मी धावत जाऊन प्रोफेसरांना पणजीची हकिकत सांगितली. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पुरावा होत नाहीत, कागद असेल तर आण, असं ते म्हणाले. मळेवाल्यांची पत्रं जपलेली होती. पणजीला लिहिताच येत नव्हतं. शेवटी बेणं मळेवाल्यांनीच बिहारहून मागवलं असावं, असं लेखात आलं. नमुन्यांच्या तक्त्यात आंटींच्या गड्ड्यापुढे प्रोफेसरांनी मला लिहायला सांगितलं : ‘बाजारातून खरेदी, इल्फर्ड’. माझा व्हिसा संपत आला होता आणि मुदतवाढीचं पत्र त्यांच्याच सहीचं लागणार होतं. मी तसं टाइप केलं.

लेख छापून आल्यावर पोस्टानं पाठवता आला असता. पण मी स्वतः गेले. आंटींनी चष्मा लावला, ओळींवरून बोट फिरवत तक्त्यापर्यंत आल्या.

“मी तुला हे विकलं होतं का?”

मी नियम, पुरावे, प्रोफेसर असं काहीबाही सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

“हे लिहिलं कोणी?”

“मीच.”

मग त्यांनी उरलेला गड्डा परत मागितला. तो प्रयोगशाळेत तपासणीसाठी केव्हाच दळून संपला होता. तसं सांगितल्यावर त्या उठल्या आणि माझा कोट आणून दिला.

मला एक वर्ष वाढवून मिळालं. दिवाळीला मी त्यांना कार्ड पाठवलं, फोनही केले. त्यांनी एकदाही उचलला नाही. आजही कुणी तो लेख वाचून माझं कौतुक करतं, तेव्हा मी थँक्यू म्हणते.