डावीकडे बघणारा बेडूक

"फुंकायचं नाही!"

माझ्या आत्याच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या कानावर पहिलं वाक्य हेच पडतं. व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट हातात आली की माणूस कितीही शिकलेला असो, ती उलटी करतो, गाल फुगवतो आणि खालच्या फटीत जोरात फुंकर मारतो. लहानपणी गेम अडकला की सगळे हेच करायचे. तो खोड्याळ आनंद पंचवीस वर्षांनीही चेहऱ्यावर तसाच उमटतो आणि तेवढ्यात काउंटरमागून आत्या कडाडते.

"थुंकी उडते आत, गंज धरतो! डोळ्यांच्या डॉक्टरने तुमच्या डोळ्यात फुंकर मारलेली चालेल का?"

माणूस ओशाळतो. आत्या कापूस आणि स्पिरिटची बाटली पुढे सरकवते. "हं. आता पुसा. हळू. गाल पुसतोय असं समजा."

बावीस वर्षं आत्या या कॅसेटी दिवसाच्या भाड्याने देत होती. मग लोकांच्या हातात फोन आले आणि आजूबाजूच्या भाडेवाल्यांनी आपापला माल भंगारात घातला. आत्याने नाही घातला. "चालणारी वस्तू भंगारात द्यायची? चालत्या माणसाला कोणी देतं का?"

"मला द्यायला निघालीच होतीस की," असं आतोबा मागच्या खोलीतून म्हणायचे. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचून निवृत्त झाले आणि आता मागच्या खोलीत बसून आत्याचं प्रत्येक वाक्य पूर्ण करतात.

तर तो माल कपाटात पडून राहिला. आठेक वर्षं कोणी विचारलं नाही. आणि मग ज्यांनी लहानपणी त्या भाड्याने नेल्या होत्या त्यांना पगार सुरू झाले, टकलं पडली, आणि आपलं बालपण कुठे मिळेल म्हणून ते शोधत आले. काल चहाच्या किमतीला न विकली जाणारी कॅसेट बघता बघता सायकलीच्या किमतीला जाऊ लागली. किंमत आली म्हटल्यावर मागोमाग नकलाही आल्या. खोटं लेबल, खोटा खोका, आतली सर्किटची पाटी भलत्याच गेमची. मग आत्याचं खरं काम सुरू झालं: खरी कोणती, खोटी कोणती ते सांगायचं.

तिची पद्धत ठरलेली होती. एक जाड पानांची वही. प्रत्येक पानावर तिच्या स्वतःच्या कपाटातल्या एकेका कॅसेटचा मोठा रंगीत फोटो. आधी लेबल त्या फोटोशी ताडायचं, भिंग लावून. ते जमलं तर स्क्रू काढून आत बघायचं. नाही जमलं तर उघडायचीसुद्धा नाही. "चेहराच खोटा असेल तर पोट कशाला फाडायचं?" सगळं ठीक निघालं की हातभर लांबीची पावती नव्हे, बोटभर चिठ्ठी: "खरी." खाली सही. त्या एका शब्दावर लोक डोळे मिटून व्यवहार करत.

स्वतःचा माल विकताना ती एकच प्रश्न विचारायची. "खेळणार की काचेत ठेवणार?" काचेत ठेवणाऱ्याला बाजारात चालू असेल तो दर. खेळणाऱ्याला निम्मा. पण नुसतं तोंडाने सांगून भागत नसे. कोपऱ्यातल्या डब्बा टीव्हीसमोर स्टूल होतं, त्यावर बसून पहिला टप्पा पार करून दाखवावा लागे. सुटाबुटातला एक गृहस्थ तिसऱ्याच उडीला खड्ड्यात पडला तेव्हा आत्या म्हणाली, "काचवाले दिसता." त्याने मुकाट्याने पूर्ण पैसे मोजले.

या निम्म्या दराने सगळ्यात जास्त पोटात दुखायचं ते बाजारभावच्या. हा एक किडकिडीत तरुण, दोन खिशांत दोन फोन, इकडून घेऊन तिकडे विकणारा. प्रत्येक वाक्याची सुरुवात "बाजारभाव बघता" अशी करायचा म्हणून हे नाव पडलं. सगळ्या जगासारखाच तोही तिला आत्याच म्हणायचा.

"बाजारभाव बघता आत्या, तुम्ही आज मोटारसायकलचं पुढचं चाक फुकट दिलंत."

"मागचं ठेवलंय ना? मग झालं."

त्याचा डोळा होता बेडकावर. बेडूक म्हणजे एक जुना गेम. खरं नाव काहीतरी लांबलचक परदेशी, पण कमळाच्या पानांवरून उड्या मारणारा बेडूक होता म्हणून आमच्याकडे सगळे बेडूकच म्हणत. फार थोड्या कॅसेटी निघाल्या आणि कंपनी बुडाली. आत्याकडे एक होती. ती विकत नव्हती. बाजारभावने मग तिच्या वहीतल्या पानाचाच फोटो काढला आणि शौकिनांच्या गटात टाकला: "अस्सल बेडूक असा दिसतो." तो फोटो पुढे हजारो फोनांत गेला.

आणि एके दिवशी किल्लीवाला आला.

बसथांब्याजवळ टपरीत किल्ल्या करून देणारा माणूस. दारात चपला काढायच्या का, याचा त्याने बराच विचार केला. बोटांच्या भेगांत पितळेचा भुसा चमकत होता. खिशातून रुमाल काढला, रुमालातून कॅसेट. बेडूक.

"ताई, मुलीसाठी घेतली होती मी. दुकानातून, नवी. ती आता परगावी नोकरीला असते. परवा फोनवर म्हणाली, बाबा, त्याला म्हणे फार किंमत आलीये, विकून टाका." आपला उजवा हात त्याने काउंटरवर ठेवला. बोटं बारीक थरथरत होती. "कानस आता धरवत नाही. एक दात चुकला की किल्ली वाया. किल्ली कापायचं मशीन घेईन म्हणतो. म्हणजे अजून दहा वर्षं टपरी चालेल."

आत्याने भिंग उचललं. वही उघडली. बघितलं, पुन्हा बघितलं. मग भिंग खाली ठेवलं. तिला खरंच वाईट वाटलं होतं, मी तिथेच होते.

"दादा, आमचा बेडूक डावीकडे बघतो. तुमचा समोर बघतोय."

"म्हणजे?"

"नक्कल आहे."

"पण ताई, मी दुकानातून, बिल घेऊन..."

"बिल खरं असेल. तुमच्यावर अविश्वास नाही. तुम्हाला फसवलंय."

त्याने कॅसेट परत रुमालात गुंडाळली. जाता जाता म्हणाला, "आमच्या धंद्यात बरं असतं ताई. किल्ली कुलपाला लागते, नाहीतर नाही लागत. फोटो बघावा लागत नाही." चिडून नाही, सहज. चपला घातल्या आणि गेला.

याला पाच महिने झाले. बाजारभावने बेडकाची बोली वाढवत वाढवत चार महिन्यांच्या घरभाड्यापर्यंत नेली आणि आत्याने शेवटी हो म्हटलं. दुकानाच्या छताला गळती होती. द्यायच्या आधी कॅसेट साफ करायला घेतली. आत्या लेबलाला स्पिरिट कधीच लावत नाही, फक्त आतल्या पट्टीला. पण त्या दिवशी बाटलीचं बूच निसटलं आणि चार थेंब बेडकाच्या तोंडावर पडले. तिने झटकन कापसाने टिपलं.

कापूस हिरवा झाला.

छापलेल्या लेबलाचा रंग असा निघत नाही. आत्या कापसाकडे बघत राहिली, जणू त्याला नाव विचारणार होती. मग हाक मारली, "अहो!"

आतोबा आले, चष्मा कपाळावर चढवलेला. कॅसेट बघितली. "काय झालं? तुझा बेडूक ना हा?"

"माझा म्हणजे?"

"तू काढलेला. कोणाच्या तरी विजारीच्या खिशातून कपड्यांबरोबर धुतली गेली नव्हती का? लेबलाचा लगदा झाला. तू जेवणाच्या टेबलावर बसून रंगपेटीने नवं काढलंस, वर वॉर्निश मारलंस. डोळा काढत होतीस आणि मी हाक मारली. तू इकडे वळलीस, ब्रशही वळला. केवढी ओरडली होतीस मला!"

आत्या स्टुलावर बसली. तेव्हा अशी डझनभर लेबलं तिने हाताने केली होती. भाड्याचा माल, पोरांना चेहरा दिसला म्हणजे झालं. बाकीची तिने लक्षात ठेवून वहीतून वगळली होती. हे एक विसरली.

"इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"मला कधी कोणी काही विचारतं का या घरात?"

तेवढ्यात बाजारभाव आला, पैशांचं पाकीट घेऊन. आत्याने त्याला हिरवा कापूस दाखवला आणि सगळं सांगितलं. त्याने एकदा दाराकडे बघितलं, मग दार लोटून घेतलं.

"आत्या, हळू बोला. आतली पाटी खरी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! डोळ्याचं कोण बघतंय? अहो, जगभर तुमच्याच वहीतला फोटो फिरतोय. आता डावीकडे बघणारा तोच अस्सल बेडूक. समोर बघणाऱ्याला कोणी हात लावणार नाही."

"आणि त्या किल्लीवाल्याचा?"

"त्याला तुम्ही नाही म्हणालात, तो घरी गेला, विषय संपला. आज तुम्ही तोंड उघडलंत तर या बेडकाचा भाव पडेल, आणि तुमच्या चिठ्ठ्यांचाही. प्रत्येक जण विचारेल, माझीही अशीच तपासली का? बाजारभाव बघता, तुमच्या शब्दाला सगळ्यात जास्त किंमत आहे. ती घालवू नका."

आत्याने वही पिशवीत टाकली, स्क्रूड्रायव्हर टाकला, भिंग टाकलं. चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"भाव बघायला. येतोस?"

किल्लीवाल्याच्या टपरीसमोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. आत्या त्यांच्यामागे रांगेत नाही थांबली, पुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, मी चुकले. तुमची कॅसेट खरी असावी. खोटं लेबल माझ्याकडे होतं, आणि मी तुमच्या खऱ्याला खोटं म्हटलं. उघडून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. कुठे आहे ती?"

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. एकदा आत्याकडे बघितलं, एकदा मागे उभ्या बाजारभावकडे. मग बोट खाली दाखवलं.

कॅसेट टेबलाच्या आखूड पायाखाली होती.

"खोटी म्हणालात," तो म्हणाला. "जाडी नेमकी बसली."

साठी उलटलेली माझी आत्या भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली. गिऱ्हाइकांनी टेबल उचलून धरलं, तिने कॅसेट काढली, पदराने पुसली. बेडूक समोर बघत होता, सरळ, न लाजता. एक कोपरा खरवडला होता. तिने तिथेच, किल्ल्यांच्या पसाऱ्यात, स्क्रू काढले. किल्लीवाल्याने न सांगता दिवा जवळ धरला आणि त्या विचित्र डोक्याच्या स्क्रूकडे कौतुकाने बघत राहिला. आत्या पाटीवरचे आकडे वाचत होती. ओठ हलत होते. सगळे थांबले होते. ज्याला फक्त गोदरेजची किल्ली हवी होती तोसुद्धा.

"खरी," आत्या म्हणाली.

"लागली म्हणायची किल्ली," किल्लीवाला म्हणाला. त्याने हात पुसला आणि मग उगाचच पुन्हा पुसला.

बाजारभावने घसा साफ केला. "बाजारभाव बघता, कोपरा गेलाय. चौथा हिस्सा कमी होणार."

"तो कोपरा माझ्यामुळे गेलाय. माझा बेडूक आजच विक. वर लिही: लेबल हाताने काढलेलं, काढणारी मी. जे येईल त्यातून यांचा चौथा हिस्सा भरून दे."

"हाताने काढलेल्याला येणार काय, कप्पाळ?"

"कमी पडलं तर वरचं मी घालते. गळतीखाली बादली आहेच."

बाजारभावने दोन्ही फोन बाहेर काढले. मग एक खिशात टाकला आणि दुसऱ्याने समोर बघणाऱ्या बेडकाचा फोटो काढला. "काय लिहू?"

"लिही, जुना फोटो चुकीचा. आत्या चुकली."

तो लिहू लागला, आणि तेवढ्यात टेबल डुगडुगलं. आधार गेला होता ना. आत्याने पिशवीतून वही काढली, बेडकाचं जाड पान टर्रकन फाडलं, त्याच्या घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवलं. किल्लीवाल्याने टेबल हलवून बघितलं.

"थोडं जाड होतंय."

"एक घडी काढा."

एक घडी काढल्यावर बसलं.

पुढचा महिना वाईट गेला. गटात लोकांनी वाटेल ते लिहिलं. एकेचाळीस चिठ्ठ्या परत आल्या. आत्याने एकेक कॅसेट फुकट तपासली, आधी पोट उघडून आणि मग चेहरा बघून. त्यांत आणखी दोन चुका निघाल्या, त्याही तिने गटात जाहीर केल्या. तिचा बेडूक साध्या गेमच्या दराने गेला. घेणारी बाई स्टुलावर बसली आणि तीन टप्पे पार करून उठली, म्हणून त्याच्याही निम्म्यात. छत अजून गळतं. किल्लीवाल्याकडे मशीन आलं. ते इतका आवाज करतं की बसथांब्यावरच्या लोकांना बस आलेली कळत नाही.

बाजारभाव अजून येतो. परवा काउंटरवर ताज्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बघून त्याने एक उचलली आणि मोठ्याने वाचली.

"'आतून-बाहेरून बघितली. आजच्या माझ्या समजुतीप्रमाणे खरी. चूक निघाल्यास परत आणावी.' आत्या, पूर्वी एक शब्द असायचा!"

"आता एवढे लागतात."

मागच्या खोलीतून आवाज आला, "लग्नाच्या वेळी असंच लिहून घ्यायला हवं होतं."

"घ्यायचं होतंत," आत्या म्हणाली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाने गाल फुगवलेले बघून ओरडली, "फुंकायचं नाही!"