अव्वाचं इमान

गुरुपाद बिरादारला मुंबईत सरकारी विमान कंपनीत नोकरी लागली, ही बातमी गावात आणली ती पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरनं. जत तालुक्याच्या त्या टोकाला, कर्नाटकाच्या वेशीजवळ, उन्हाळ्यात टँकर आला की सगळ्या बायका एका जागी जमायच्या. पाइप सोडता सोडता ड्रायव्हर म्हणाला, "नीलव्वा, पेढं काढ. तुझा गुरुपाद इमानात चढला."

शेजारच्या म्हातारीच्या हातातली घागर खाली पडली. "शिवा शिवा," ती म्हणाली, "कवा गेला गं पोरगा?"

म्हातारीची यात काही चूक नव्हती. बिरादार म्हणजे लिंगायत घर. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बांबूची खुर्चीसारखी बैठक बांधतात, तिला केळीचे खुंट लावतात, झेंडूच्या माळा सोडतात. मग अंगाला भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून माणसाला तिच्यात बसवतात आणि भजन म्हणत शेतात नेऊन बसलेलंच मातीच्या स्वाधीन करतात. त्या बैठकीला विमान म्हणतात. त्या भागात अमक्याला विमानात बसवलं म्हटलं, की त्याला दुसरा अर्थ नसतो.

गावाला ही गोष्ट वर्षानुवर्षं हसायला पुरली. गुरुपाद सुट्टीला आला की पारावरचे लोक मुद्दाम विचारायचे, "काय रं गड्या, इमानाची नोकरी बरी हाय न्हवं?" तोही हसायचा. त्याची आई तेवढी हसायची नाही. नवरा गेला तेव्हा गुरुपाद मांडीवर होता. त्या माणसाला विमानात बसवताना तिनं पाहिलं होतं, आणि पोराच्या नोकरीलाही तोच शब्द चिकटला, हे तिच्या मनाला लागून राहिलं. दर सोमवारी ती मल्लिकार्जुनाच्या देवळात पोराच्या नावानं बेल वाहायची, आणि नोकरी कुठली असं कोणी विचारलं तर 'सरकारी' एवढंच सांगायची.

गुरुपाद लोडर होता. विमानाच्या पोटात सामान चढवायचं आणि उतरवायचं. सुरुवातीला सगळं अंगाच्या जोरावर असायचं. वाकून पोटात शिरायचं, गुडघ्यावर सरकत एकेक बॅग आत लावायची. उन्हाळ्यात तिथं भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. मग सामान वर नेणारे पट्टे आले, मग सामानाचे मोठे डबेच आले, ट्रॅक्टर आले. कंपनी वाढत होती आणि तिची वाढ गुरुपादला खालून दिसत होती. आज आखाती देशात नवी खेप सुरू झाली, उद्या युरोपात. नवं विमान आलं की त्याच्या नाकाला झेंडूचा हार घालायचे, चाकापुढं नारळ फोडायचे. गुरुपाद शर्टाच्या आत हात घालून गळ्यातल्या इष्टलिंगाला शिवायचा आणि त्या नव्या विमानाला नमस्कार करायचा. त्याचा जोडीदार सयाजी साताऱ्यातल्या खंडाळ्याकडचा. तो म्हणायचा, "गुरुपाद्या, तू बैलपोळ्याला बैलाच्या पाया पडतोस तसा पडतोयस." गुरुपाद म्हणायचा, मग बैलच की, ह्याच्याच जिवावर खातोय आपण.

गावी आला की तो नव्या खेपांच्या गोष्टी सांगत बसायचा. एकदा पारावरच्या एकानं त्याला गप्प केलं. "तुमची कंपनी अमेरिकेला जाती रं, आमच्या वस्तीवर टँकर येईना. तेवढं एक इमान हिकडं वळीव."

कंपनीची एक सवलत होती. कामगाराला वर्षाला घरच्यांसाठी पास मिळायचे. पहिला पास मिळाला तेव्हाच गुरुपादनं मनाशी ठरवलं, पहिली बसेल ती अव्वा. अव्वा म्हणजे आई. त्यांच्या घरात अर्धी बोली कानडीच. अव्वाला काशीला न्यायचं, विश्वनाथाचं दर्शन घडवायचं, आणि ती बसल्याशिवाय आपणही प्रवासी म्हणून विमानात पाऊल ठेवायचं नाही. लग्न झाल्यावर हे त्यानं बायकोला सांगितलं. राजेश्वरी कराडची, शहाण्या घरची. सासूला ती आत्ती म्हणायची. म्हणाली, चांगलं आहे की, आधी आत्ती, मग आपण. ते 'मग' किती लांबणार आहे, हे तिला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

कारण अव्वा ऐकायलाच तयार नव्हती. "ब्याड," ती म्हणायची. म्हणजे नको. "जित्त्यापणी इमानात बसीवतोस व्हय रं मला?"

गुरुपादनं नाना परीनं समजावलं. ते विमान वेगळं, हे वेगळं. आत गाद्या आहेत, जेवायला देतात. अव्वा हळूहळू मऊही होत होती. पण एका सुट्टीत त्यानं स्वतःच घात केला. विट्याकडची बरीच माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात दूरदूरच्या शहरांत असतात. त्यातला एक तरणा माणूस परमुलखात वारला आणि त्याची पेटी गुरुपादच्या विमानातून आली. पेटीवर सांगली जिल्ह्याचं नाव बघून गुरुपाद आणि सयाजीनं ती पट्ट्यावर सोडली नाही. आणखी दोघांना बोलावून चौघांनी खांद्यावर घेऊन खाली उतरवली. गुरुपादनं ही हकिगत मोठ्या अभिमानानं सांगितली, की बघ अव्वा, आमची कंपनी माणसाला कशी घरापर्यंत आणून पोचवते.

अव्वा बराच वेळ ज्वारी पाखडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी तितंबी त्येच हाय की. मेलेलंच बसतंय."

त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं तो विषय काढू दिला नाही. पास येत राहिले, वाया जात राहिले. राजेश्वरीच्या जावा-नणंदा विचारायच्या, की नवरा विमान कंपनीत आणि तू अजून लाल गाडीनंच कशी येतेस गं. ती हसण्यावारी न्यायची. लेक शिवांजली शाळेत होती तेव्हा रुसायची, मग तिचं लग्न झालं आणि ती स्वतःच्या संसारातून दोनदा विमानात बसून आली. राजेश्वरी मात्र बसली नाही. एकदाच ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, तुमचा नेम तुमच्यापाशी. पर माझ्या डोक्याचं केस पांढरं झालं."

दरम्यान दोन सरकारी कंपन्यांची मिळून एक झाली, मग ती तोट्यात गेल्याचं पेपरात येऊ लागलं, मग विकणार असं कानावर यायला लागलं. सयाजी म्हणाला, बैल थकला की बाजाराची वाट धरतो, गड्या. गुरुपादच्या निवृत्तीलाही फारसा अवधी उरला नव्हता. त्या वर्षी संक्रांतीला तो गावी आला आणि अव्वापुढं बसला. ती आता पार वाकली होती.

त्या दिवशी शब्द सापडला तो राजेश्वरीला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्ती, इमान म्हणूच नगा. एष्टी म्हणा. आभाळातनं जाती एवढंच."

अव्वानं मान वर केली. "एष्टी?"

"व्हय. तिकीट हाय, शीट हाय, कंडक्टर बाई हाय."

अव्वा खुदकन हसली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "एष्टीनं येतो मग काशीला. राजव्वा, तूबी चल."

गुरुपाद उठून परड्यात गेला आणि उगीचच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

चैत्रातलं जायचं ठरलं. अव्वानं आपली पिशवी महिनाभर आधीच भरली. नवं इरकल लुगडं, भस्माची डबी, शेंगांची चटणी, कडक भाकरी, आणि गंगेचं पाणी आणायला तांब्याचा गडू. पुढच्या फेरीत गुरुपादनं मुंबईहून येताना सामानाला लावायची काशीची चिठ्ठी आणली होती; ती त्यानं पिशवीच्या बंदाला लावून टाकली. शेजारणी आल्या की अव्वा ती चिठ्ठी दाखवायची. एष्टीनं जाणार, म्हणायची, आणि शेजारणी तोंडाला पदर लावायच्या.

आणि मग फाल्गुनाच्या अखेरीला सगळं बंद झालं. त्या रोगानं जगाची दारं लागली, विमानं जागच्या जागी उभी राहिली. गुरुपादनं आयुष्यात पहिल्यांदा ती एवढी गप्प पाहिली. पुढं परदेशात अडकलेल्या लोकांना आणायला कंपनीची विमानं निघाली, तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचे कपडे घालून कामाला जात होता. फोनवर अव्वा विचारायची, "एष्टी कवा सुटती रं?" तो म्हणायचा, सुटेल, अव्वा, जरा दम धर. ती म्हणायची, कडक भाकरी बदलून ठेवते मग. अशी तिनं किती वेळा बदलली असेल, मल्लिकार्जुनालाच ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्यात, एका पहाटे, ती गेली. रोगानं नाही, वयानं. देवाचा दिवा लावायला उठली, भिंतीला टेकून बसली, आणि बसल्याजागीच गेली. चुलतभावाचा फोन आला तेव्हा गुरुपादनं फक्त एवढंच विचारलं, बसलेलीच आहे न्हवं?

मुंबईहून दोघं मिळेल त्या गाडीनं निघाली. तेव्हा पुन्हा सगळीकडं बंदी होती, जिल्ह्याच्या वेशीवर पोलीस उभे होते. खंडाळा तालुक्यात शिरताना, नीरेचा पूल ओलांडल्यावर, गाडी अडवली. पोलीस तरुण होता, उन्हानं रापलेला. कुठं निघालात, कशाला निघालात, त्यानं विचारलं. गुरुपादनं कंपनीचं ओळखपत्र पुढं केलं आणि सकाळपासून मनात जे घोळत होतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

"आईला विमानात बसवायचं हाय, साहेब."

पोलिसानं ओळखपत्र पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. "आवं काका, विमानतळ मागं राहिला. तुमी उलटं चाललाय."

त्यात थट्टा नव्हती. त्या पोराला खरंच तसं वाटलं होतं. गुरुपाद ओळखपत्र हातात धरून तसाच बसून राहिला. शेवटी राजेश्वरी वाकून म्हणाली, "सासूबाई गेल्यात, दादा. आमच्यात त्येला तसं म्हंत्यात."

पोलिसानं टोपी काढली. काहीही न विचारता अडसर बाजूला केला, आणि गाडी पुढं जाईपर्यंत टोपी हातातच धरून उभा राहिला.

गावी पोचले तेव्हा दुपार कलली होती. मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून घाईघाईनं बांधलेलं विमान अंगणात उभं होतं. अव्वा भिंतीशी बसली होती, कपाळावर भस्म, डोळे मिटलेले, जपाला बसल्यासारखी. गुरुपादनं आंघोळ केली आणि सरळ विमानापाशी गेला. बांबू हलवून बघितले. एका बाजूला वजन जास्त जातंय, म्हणाला, आणि स्वतः गाठी सोडून पुन्हा बांधल्या. विधीला आलेल्या स्वामींनी मंत्र म्हटले. अव्वाला उचलून बसवली ती त्यानंच. ती रिकाम्या पिशवीएवढी हलकी होती. नव्या इरकली लुगड्याचा पदर त्यानं तिच्या कमरेभोवती आडवा घेतला आणि मागच्या बांबूला बांधला. प्रवाशाला पट्टा बांधतात तसा. हात फिरवून फार आवळलं नाही ना ते बघितलं. राजेश्वरी शेजारी उभी होती. तिनं तेव्हा पदर तोंडात कोंबला.

शेताकडं जाताना भजन म्हणायला चारच माणसं होती. नोकरीची बातमी आणणारा तो टँकरवाला आता म्हातारा झाला होता. तो दुरूनच हात जोडून उभा राहिला, आणि त्या दिवशी गावात कोणी त्या शब्दावरून हसलं नाही.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, विमानं पुन्हा नीट सुरू झाली. कंपनी विकल्याचं तोवर जाहीर झालं होतं, नवा मालक यायचा होता. गुरुपादनं शेवटचा पास काढला. काशीला दोघंच निघाली. सामान देताना खिडकीवरच्या मुलीनं अव्वाच्या पिशवीकडं हात केला, काशीची जुनी चिठ्ठी पाहून हसून म्हणाली, काका, ही तर आधीच लागलीय. गुरुपादनं मान हलवली. आपली बॅग त्यानं दिली, पण ती पिशवी दिली नाही. आयुष्यभर लोकांचं सामान विमानाच्या पोटात भरलेल्या माणसाला, अव्वाची पिशवी खाली अंधारात टाकवेना. विमानात बसल्यावर ती त्यानं मांडीवर घेतली. तिथल्या बाईंनी सांगितल्यावर पायाशी ठेवली, पण बंद हातातून सोडला नाही.

राजेश्वरीला खिडकीची जागा दिली. ती कशालाच हात न लावता, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी बसली. तेवढ्यात पायाखाली धप्प असा आवाज झाला. सामानाचं दार लागलं होतं. हा आवाज गुरुपादनं हजारदा खालून ऐकला होता. वरून तो कसा येतो हे त्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी त्याला पहिल्यांदा कळलं, की वर बसलेल्या माणसाला तो पायात लागतो. शर्टाच्या आत त्याचा हात इष्टलिंगाकडं गेला. विमान वर उठलं तेव्हा राजेश्वरीनं त्याचं मनगट धरलं आणि काशी येईपर्यंत सोडलं नाही.

गडूत गंगेचं पाणी घेऊन ते परत आले आणि तसेच गावी गेले. अव्वाच्या समाधीवर गुरुपादनं पाणी घातलं, राजेश्वरीनं बेल वाहिला. जमीन तहानलेली, पाणी लगेच आत गेलं.

परतताना बांधावर टँकरवाला म्हातारा भेटला. काशी केलीत म्हणे, म्हणाला. कशानं गेलता?

गुरुपादनं बायकोकडं पाहिलं. राजेश्वरीनं रिकामा गडू पदराखाली घेतला.

"एष्टीनं," ती म्हणाली.