वर्षाचं जेवण

“टोपीला खळ देऊन ठेवलीय हं, कपाटात वरच्या फळीवर आहे,” मंगल दवाखान्यात जायला निघताना म्हणाली. मी वैतागलोच. लग्नाचा वाढदिवस वैशाखात, आणि ही माघातच टोपीच्या मागे! “आधी बरी होऊन ये,” म्हटलं. ती हसली... रिक्षात बसतानाही हसत होती. माझी बायको त्या दवाखान्यातून परत आली नाही. आता चैत्र लागलाय, आणि तिच्याबद्दल बोलायचं तर मला त्या टोपीपासूनच सुरुवात करावी लागते.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. नाशिक रोडला चाळीत दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि रॉकेलसाठी रांग. पहिला वाढदिवस साजरा करायचं खूळ मंगलचं. आमच्याकडे पोरांचेही वाढदिवस कुणी करत नसे, लग्नाचा तर सोडाच. पण तिला हौस दांडगी. मी देवळ्याच्या आत्याला कांद्याच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला, ‘लग्नाला वर्ष होतंय, रविवारी जेवायला या.’ निरोप गावात पोचेपर्यंत त्यातलं लग्न वाटेतच कुठेतरी सांडलं. आत्याला कळलं ते एवढंच, की दिनूकडे रविवारी वर्षाचं जेवण आहे.

वर्षाचं जेवण घालतात ते मेलेल्या माणसाचं. आत्या बिचारी पहिल्या एसटीनं निघाली आणि आमच्या दारात येऊन तिनं गळाच काढला. “कोनं वरीस शे रे भाऊ? माले कोनी सांगं बी नही!” चाळीतली सगळी दारं उघडली. समोर मंगल, हिरवी साडी, डोक्यात मोगऱ्याचा गजरा, हातात श्रीखंडाचं पातेलं. तिला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा पातेलं खाली ठेवून ती उंबऱ्यातच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. “आत्याबाई, वर्ष आमच्या लग्नाचंच आहे हो!”

आत्या हसली नाही. “वरीस मेल्याचं घालतात, माय. जित्याचं मोजू नाही,” म्हणाली. दुखवट्याचा म्हणून तिनं टोपी-टॉवेल आणला होता. तो आता परत कसा न्यायचा? आमच्याकडे लग्नातही टोपी-टॉवेल आणि मयतातही टोपी-टॉवेल, कापड तेच. मंगलनं टोपी उचलून सरळ माझ्या डोक्यावर ठेवली. “झाला आहेर!” मग मात्र आत्याही सैलावली, श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

तेव्हापासून दर वैशाखात ती टोपी निघायची. एरवी मी बोडका माणूस. मंगल ती धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून माझ्या डोक्यावर चढवायची आणि विचारायची, “अहो, यंदा वर्ष घालायचं ना?” केस विरळ झाले तशी टोपी सैल व्हायला लागली, त्यावरून चिडवायची. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे वर्षं कशी सरली हे सांगायला घरात दुसरं काही नव्हतं. एवढी वर्षं पुरेत, असं वाटायचं. पुरली नाहीत...

तेराव्याला मंगलचा भाऊ नवी टोपी घेऊन उभा राहिला. मी त्याला थांबवलं आणि कपाटातली आणली. कडक, तिच्या हातची घडी. आत्या आता वाकलीय, तिला नीट दिसत नाही. चाचपून तिनं ती ओळखली. “मीच आणेल होती रे ही...” म्हणाली. तिनंच ती माझ्या डोक्यावर ठेवली. या वेळी कुणी हसलं नाही.

भेटायला येणारे सांगतात, काळ हेच औषध. असेल, मला ते लागू पडत नाही. पुढच्या माघात खरंच वर्षाचं जेवण घालायचं आहे, आणि आत्याची निरोप समजण्यात आता चूक व्हायची नाही. टोपी खुंटीवर आहे. मधूनमधून मी ती घालतो, घामानं ती मऊ पडत चाललीय. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, द्या, धुऊन देते. मी दिली नाही. धुतली की मंगलच्या हातची खळ जाईल.