तुटलेल्या तुकड्याचा हेवा

माझी मैत्रीण सुजाता तिच्या प्रयोगशाळेत विमानासाठीचा नवा मिश्रधातू यंत्रात वाकवून तपासत होती. शेवटी तो तुटला. मी सहज दोन्ही तुकडे जुळवायला गेले, तशी ती म्हणाली, "अगं बाई, कडा घासू नकोस. का तुटला ते त्यांच्यावरच दिसतं." मग तुकडे कापसात ठेवत हसली, "आता याला विचारायचं, बाबा, कुठून दुखायला लागलं?"

माझा जळफळाट झाला. कारखान्यात ओझी उचलून आईची कंबर गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरने मान वर न करता "वय झालं" म्हटलं होतं. धातू मोडला की भार तपासतात. बाई मोडली की तिचं वय.

घरी आल्यावर विचारलं, "आई, पहिल्यांदा कुठे दुखलं होतं?"

तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि सांगायला लागली.