येतो आणि येते

पुण्यातल्या कंपनीत माझा पहिला दिवस होता. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने चहाला येतेस का विचारलं आणि मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो की."

ती थांबली. मग अगदी प्रेमाने म्हणाली, "येतो? अगं, तू मुलगी आहेस ना?" मागच्या रांगेतले दोघे खुर्च्या फिरवून हसले. तो चहा कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही, कारण तो संपेपर्यंत माझे कान तापलेले होते.

कर्नाटकच्या सीमेवर, सदलग्याजवळच्या आमच्या गावात बायका येतो म्हणतात, जातो म्हणतात, जेवलो म्हणतात. आई तसंच म्हणते, शाळेतल्या बाईही वर्गाबाहेर तसंच म्हणायच्या. पुस्तकात 'येते' असतं हे आम्हाला माहीत होतं, पण ते पेपरात लिहायचं, तोंडाने कोण बोलतं? त्यातून आमचं अर्धं जगणं कन्नडमध्ये चालतं, आणि कन्नडमध्ये बाई असो की बुवा, 'मी आलो' हे दोघंही एकाच शब्दात सांगतात. बेळगावात कॉलेज झालं आणि तिथल्याच उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका छोट्या ऑफिसात पहिली नोकरी लागली. फाउंड्र्यांसाठी मालाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर बनवायचं काम होतं. तिथे मराठी, कन्नड, इंग्रजी सगळं एकाच वाक्यात यायचं, आणि मी येतो म्हटल्यावर कुणी मान वळवली नाही. या धंद्यात चूक म्हणजे कोडमधलीच, असं मला खुशाल वाटत होतं.

पुण्यात मी तोंड उघडायच्या आधी क्रियापद तपासायला लागले. करते, बघते, पाठवते. मनात एकदा म्हणून बघायचं आणि मग बोलायचं, तोवर मीटिंग दुसऱ्याच विषयावर गेलेली असायची. आढाव्याच्या वेळी साहेबांनी सांगितलं, "काम चोख आहे, पण तू बोलतच नाहीस." मग मी इंग्रजीचा आसरा घेतला. इंग्रजीत आलो-आलेची भानगडच नाही. तर लगेच कुजबुज सुरू झाली की ही बेळगावकडची फारच भाव खाते. घ्या! पण त्या इंग्रजीने मला बढती मिळवून दिली हे खरं. आणि हळूहळू 'येते'ही तोंडात बसलं. इतकं बसलं, की घरी फोनवरसुद्धा तेच यायला लागलं. आई त्यावर कधी काही बोलली नाही.

बढती मिळून मी ज्या टीममध्ये गेले ती फोनवर बोलणारं यंत्र तयार करत होती. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्याने फोन लावायचा, आपल्या बोलीत सांगायचं आणि यंत्राने ते समजून घेऊन सल्ला द्यायचा. त्याला माणसांचं बोलणं शिकवायला गावोगावची रेकॉर्डिंग्ज आणली होती. एका मीटिंगमध्ये त्यातलं एक लावलं. निपाणीकडची कुणी बाई बोलत होती. "मी रानात गेलतो. परत आलो तर म्हस बसल्याली. वैरणच खाईना."

खोलीत हशा पिकला. "बाई आहे का बुवा?" कुणीतरी म्हणालं. आमची टीम लीड हसली नाही, ती सरळ कामाचं बोलली. "त्या पट्ट्यातली अशी बरीच आहेत. आवाज बाईचा आणि क्रियापद पुरुषाचं. यंत्र गोंधळतं. काढून टाकू."

ती काढली असती तर यंत्राला आमच्याकडच्या बायका कधीच कळल्या नसत्या. आणि आमच्याकडे म्हशीचं सगळं बायकाच बघतात. उद्या आईने फोन लावला असता तर यंत्र तिला 'कृपया पुन्हा सांगा' म्हणत बसलं असतं. मी हात वर केला.

"ते चुकीचं नाहीये. तिकडे बायका असंच बोलतात."

"तुला कसं माहीत?"

"मी तिकडचीच आहे."

"पण तू तर असं बोलत नाहीस," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, ती खरोखरच विचारत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ठरलं की मी सोमवारी नमुना आणून ऐकवायचा. पटला तर ती रेकॉर्डिंग्ज ठेवायची, नाहीतर काढायची.

नमुना काय, मीच बोलेन, असं मला वाटलं. रेकॉर्डिंगच्या छोट्या खोलीत जाऊन बटण दाबलं आणि तोंडातून निघालं, "मी रानात गेले होते." पुसलं. मग "मी रानात गेलतो" म्हटलं. शब्द बरोबर आले, पण ऐकून बघितलं तर स्नेहसंमेलनात खेडवळ बाईचं सोंग आणणाऱ्या मुलीचा आवाज. माझ्या आईच्या बोलीची मी नक्कल करत होते. दार बंद होतं, बघायला कुणी नव्हतं, तरी लाजेने मला घाम फुटला.

शनिवारी आईला फोन केला. ऑफिसच्या कामाला तुझं बोलणं हवंय, रेकॉर्ड करते, म्हशीबद्दल काहीही सांग, असं म्हटलं. तिने घसा साफ केला. आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखी एकेक शब्द तोलत म्हणाली, "मी आज सकाळी रानात गेले होते. नंतर मी घरी आले. मी म्हशीला वैरण घातली."

"आई, असं नको गं. तू बोलतीस तसं बोल की."

"पुण्याला असंच बोलत्यात की. तुझ्या हापिसातली ऐकणार न्हवं? हसतील तुला."

"हे कुठं शिकलीस तू?"

"तू फोनवर बोलतीस ते ऐकून. शेजारच्या आक्कासंगट बोलून बघतो रोज. लई दिवसांपासनं शिकायलोय की. कवा तुझ्याकडं आलो तर तुला लाज वाटाय नको."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि त्या रडण्याचीही लाजच वाटली.

त्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तिचं स्वतःचं बोलणं शेवटचं तेवढंच होतं. शेजारच्या आक्काला बोलतं करून दुसरा नमुना आणता आला असता. ते मला सुचलंही. पण मग आईचा आवाज काढून टाकणारी पहिली मीच ठरले असते.

सोमवारी सगळ्यांसमोर ते लावलं. "लाज वाटाय नको" इथे रेकॉर्डिंग संपलं. कुणी हसलं नाही. टीम लीडने विचारलं, "कोण आहेत या?"

"माझी आई."

तिने ते पुन्हा एकदा पहिल्यापासून लावलं. पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "ठेवू या. सगळीच ठेवू या."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून बसलो.