कलकत्त्याची रीत, छावणीची रीत

ऐंशीच्या दशकात आमची सिग्नल तुकडी सिक्कीममधल्या एका बर्फाळ पोस्टवर होती. मी हवालदार, गाव सौंसर. लान्स नायक वसंता तिथून जवळच्याच रामाकोन्याचा. टेलिफोन लाइन तुटली की रोस्टरवर ज्याची पाळी, त्यानं एक शिपाई घेऊन निघायचं. एरवी बंकरमध्ये बसवत नसे आणि फिरायला जागा नव्हती. म्हणून आम्ही चौघं माहजोंग खेळायचो. रमीसारखा जुळणीचा चिनी खेळ, पत्त्यांऐवजी जाड टाइल.

मी तो ऑफिसर्स मेसमध्ये मेमसाहेबांच्या टेबलामागे उभा राहून शिकलो. वसंता कलकत्त्याला, एका चिनी बूटवाल्याच्या घरी. टाइल तीन जातींच्या : बांबू, चकत्या, आकडे. छावणीत डाव लावायचा तर एकच जात लागते. कलकत्त्यात तिन्ही मिसळल्या तरी चालतं. शिवाय फुलांच्या काही जादा टाइल असतात; मेमसाहेब त्या जादा गुणांसाठी खेळात घेतात. त्या बूटवाल्याकडे त्या डब्यातच राहत.

वसंता म्हणायचा, "तुमच्या मेमसाहेबाईले टाइम लय होता जी. तिकडं लोकाईले दुकान उघडा लागते."

फेब्रुवारीत एका सकाळी १०५० वाजता लाइन गेली. रेडिओवर कंपनी आली.

"लाइन कधी? ओव्हर."

"बाराशेपर्यंत. ओव्हर," मी म्हणालो; म्हणजे दुपारी बाराच्या आत.

पाळी माझी होती. वाटेच्या वर ताजं बर्फ लटकलेलं मी पहाटेच पाहिलं होतं. डाव अर्ध्यावर होता. मी म्हणालो, "तू जिंकलास तर मी जातो. नाहीतर तू."

पाच मिनिटांत त्यानं टाइल उलट्या केल्या. "झालं, भाऊ. घाला बूट."

बांबू आणि चकत्या मिसळलेल्या होत्या.

"छावणीत हे चालत नाही."

"काहून? काल तर चाललं!"

"आज नाही. दोर घे."

"तुमी भेऊन राहिले का, भाऊ?"

बाकीचे दोघे ऐकत होते. "ऑर्डर आहे," मी म्हणालो.

"बरं जी."

११०५ ला तो निघाला. ११४० ला बर्फाचा कडा कोसळला. सोबतचा शिपाई जिवंत निघाला. वसंता तिसऱ्या दिवशी सापडला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'रोस्टरप्रमाणे पाठवला.' रोस्टरही खोडून नवा केला. बाकीचे दोघे बोलले नाहीत.

रिटायर झाल्यापासून दरवर्षी रामाकोन्यात त्याच्या फोटोला हार घालायला मला बोलावतात. मी घालतो, दोन शब्द बोलतो, चहा न घेता बस पकडतो. यंदा बस सोडली. त्याच्या मोठ्या भावाला बगिच्यात गाठून सगळं सांगितलं. त्यानं संत्र्याची टोपली खाली ठेवली.

"अन् तुमी इतकी वर्षं हार घालून राहिले?"

"हो."

"आता नका घालू."

त्याचं बरोबर आहे. म्हणून हे लिहून ठेवतो. लान्स नायक वसंता, रामाकोना. लाइन दुरुस्तीला जाताना मृत्यू. पाळी हवालदाराची होती.