गल्लीभरचं अ‍ॅसिड आणि आमची एकच न्हाणी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार इस्लापूरच्या गायकवाड गुरुजींचे आहेत. पुढच्या अनर्थाला मात्र मी एकटाच जबाबदार आहे. गुरुजींनी मला सायकलवर डबलसीट बसवून परीक्षेला नेलं नसतं, तर मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. झालो नसतो. आणि बी.एस्सी. झालो नसतो, तर नांदेडात आमच्या गल्लीच्या बैठकीत भाषण ठोकायला उभाही राहिलो नसतो!

"उरलेलं अ‍ॅसिड, ब्लीचिंग नालीत ओतू नका! नाली शेवटी गोदावरीलाच मिळते. भांड्याला राख, फरशीला रिठा, डागाला लिंबू वापरा!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही.

"अन् उरलेल्या बाटल्या माझ्याकडे द्या. मी शास्त्रोक्त विल्हेवाट लावतो!"

(ती कुठे लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. पण शब्द भारदस्त होता.)

संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली दारात! शेजारचे पठाणकाका म्हणाले, "सर, ही बाटली बी घ्या. लेबल गेलं, पर वास लई जिवंत हाय!"

सकाळी घंटागाडीवाल्याला गाठलं.

"ओला का सुका?"

"घातक!"

"तसला डब्बा न्हाई आमच्या गाडीत." गाडी पुढे गेली, गाण्यासकट.

मग महापालिकेच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "अर्ज ठेवून जा, बाटल्या घेऊन जा!"

"अहो, मग वापरून संपवा की," बायको म्हणाली.

"लोकांना हे वापरू नका म्हणायचं अन् आपण वापरायचं? तत्त्वात बसत नाही!"

"तत्त्वात बसत न्हाई," आई म्हणाली, "अन् घरात आमाला बसायला जागा न्हाई!"

त्यात अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग शेजारी ठेवायचं नसतं. दोन्ही मिसळली की विषारी वायू सुटतो. थेट आमची भावकीच! म्हणून अ‍ॅसिड न्हाणीत कुलूपबंद, ब्लीचिंग गच्चीवरच्या खोलीत, तुंबलेली नाली मोकळी करायची पावडर कपाटात (साड्या बाहेर!).

"आरं, मग आंघुळ कुठं?" आईनं विचारलं.

"पठाणकाकांकडे."

"म्या रोज टावेल घिऊन गल्ली वलांडू व्हय?"

तेवढ्यात उदगीरहून सासऱ्यांचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन नांदेडात ठरलं होतं, मुक्काम आमच्याकडे. बायकोनं फोन ठेवला.

"बाबा येत्या रविवारी येऊन राहिले. त्यांना काय सांगू, की बाबा, तुमच्या आधी अ‍ॅसिड मुक्कामाला आलंय? न्हाणी मोकळी पायजे!"

"पण अ‍ॅसिड बाहेर टाकता येत नाही गं…"

"नका टाकू. आपल्या खोलीत ठेवते, कुलूप लावून. बाबा बैठकीत झोपतील, आई अन् मी स्वयंपाकघरात. आता उरलं कोण?"

"मी."

"हाव!"

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं:

"आदरणीय गुरुजी, सविनय जयभीम. शिकलेल्या माणसाला कुठेही जागा मिळते, असं आपण म्हणायचात. म्हणून शनिवारच्या बसने आपल्याकडे येतोय. घरातल्या बाटल्या बाहेर टाकता येत नाहीत, हे मी शास्त्रानं सिद्ध केलं. मला टाकता येतं, हे हिनं शास्त्र न वापरता सिद्ध केलं.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी."